कोकण रेल्वेवरील तांत्रिक चाचण्या

रायगड जिल्ह्यातील रोहा येथून कर्नाटकातील मंगळूरनजीकच्या ठोकूरपर्यंत जाणाऱ्या सु. ७४० किमी. लांबीच्या कोकण रेल्वेमार्गावर व त्याच्या अनुषंगाने करण्यात आलेले नव्या यंत्रपद्धतींचे प्रयोग. सपाट मालडब्यांवरून भरलेले ट्रक नेण्याची पद्धत, आगगाड्यांची टक्कर टाळणारे उपकरण, मडगाव येथील आकाशबस (स्कायबस) आणि पावसाळी वाहतुकीची विशेष व्यवस्था हे त्यांपैकी प्रमुख होत. यांतील काही प्रयोग रुळले, काही अर्धवट राहिले व एक जीवघेणा ठरला. यंत्र चालते की नाही एवढे पाहिल्याने चाचणी पुरी होत नाही. ते ज्यांच्या हाती द्यावयाचे व ज्यांचा जीव त्यावर अवलंबून राहावयाचा, त्या माणसांसह आणि नेहमीच्या परिस्थितीतच ते तपासावे लागते, हे या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वेतिहास : रेल्वेच्या इतिहासाचा आरंभच एका जाहीर चाचणीने झाला. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गासाठी योग्य एंजिन निवडण्याकरिता ऑक्टोबर १८२९ मध्ये इंग्लंडमधील रेनहिल येथे स्पर्धा घेण्यात आली. तीत स्टीव्हन्सन यांचे ‘रॉकेट’ हे एंजिन यशस्वी ठरले. वेग, ओढण्याची शक्ती व कोळशाचा खर्च यांचे काटेकोर मोजमाप तेथे झाले होते. परंतु अशा वेगाने येणारे यंत्र पाहून माणूस कसा वागेल, याची चाचणी कोणी घेतली नव्हती. १५ सप्टेंबर १८३० रोजी, मार्गाच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुळांवर उतरलेले संसद-सदस्य विल्यम हस्किसन त्याच ‘रॉकेट’खाली सापडून मृत्यू पावले.

चाचणीतून निघालेला निष्कर्ष व्यवहारात येण्यास किती विलंब लागतो, याचे उदाहरण ब्रेकच्या इतिहासात आढळते. १८७५ मध्ये इंग्लंडमधील न्यूअर्क येथे निरनिराळ्या पद्धतींच्या ब्रेकांची तुलनात्मक चाचणी झाली व तीत वेस्टिंगहाउस यांच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्वयंचलित ब्रेकची सरसता दिसून आली. तथापि प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांवर एकाच वेळी लागणारे स्वयंचलित ब्रेक बसविणे कायद्याने सक्तीचे झाले ते १८८९ मध्ये. त्याच वर्षी आयर्लंडमधील आर्मा येथे गाडीचे सुटे झालेले डबे उतारावरून मागे घसरून सु. ८० माणसे मृत्युमुखी पडली होती. उपाय ठाऊक होता. तो लागू करण्यास चौदा वर्षे व एक मोठा अपघात लागला.

प्रदेश व मार्ग : दिवा-पनवेल मार्ग आपटा, पेण, नागोठणे असा वाढत १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला. भातशेती, मिठागरे व गणेशमूर्ती यांसाठी प्रसिद्ध असलेला पेणचा परिसर त्यामुळे मुंबईशी लोहमार्गाने जोडला गेला. परंतु रोह्याच्या दक्षिणेस सह्याद्रीचे फाटे, खोल नद्या व खाड्या यांमुळे मार्ग अडला होता. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. केंद्र शासनाबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये त्यात भागीदार होती. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस व अर्थमंत्री मधू दंडवते यांचा पाठिंबा आणि ई. श्रीधरन यांचे नेतृत्व यांमुळे कामास वेग आला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला.

मार्गावर ९१ बोगदे व सु. २,००० लहानमोठे पूल आहेत. रत्नागिरीनजीकचा करबुडे बोगदा सु. ६.५ किमी. लांब असून पानवल नदीवरील पुलाची उंची ६४ मी. आहे. या पुलाचा वरचा भाग एका टोकाला टप्प्याटप्प्याने तयार करून खांबांवरून पुढे ढकलत नेण्याची पद्धत वापरण्यात आली. भारतात ती नवीन होती. कठीण खडकातील बोगदे यांत्रिक छिद्रण यंत्रांनी झपाट्याने पुढे गेले, तर गोव्यातील पेडणे येथील बोगद्यात मऊ व पाणथळ मातीने काम वारंवार ढासळले आणि कामगारांचे प्राण गेले. भूस्तर बदलला की यशस्वी ठरलेले तंत्रही निरुपयोगी होते, हा अनुभव मार्ग बांधतानाच आला होता. भाडेवाढीने बांधकामाचा खर्च भरून काढता येईल एवढी वाहतूक आरंभी नव्हती. उत्पन्नाचे नवे मार्ग शोधण्याची गरज व महामंडळास असलेले स्वातंत्र्य यांतून पुढील प्रयोगांना वाव मिळाला.

ट्रकवाहू गाडी : मुंबईहून गोव्याकडे जाणारा माल पूर्वीपासून पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव या महामार्गाने जात असे. पुढे कशेडी, भोस्ते व परशुराम हे घाट लागतात. पावसाळ्यात हा रस्ता अधिकच अवघड होई. रेल्वेने माल पाठवावयाचा, तर तो ट्रकमधून मालडब्यात व पुन्हा मालडब्यातून ट्रकमध्ये भरावा लागे. त्यात वेळ जाई व मालाची नासधूस होई. यावर उपाय म्हणून भरलेला ट्रकच गाडीवर चढविण्याची कल्पना पुढे आली. २६ जानेवारी १९९९ रोजी रोहा तालुक्यातील कोलाड ते गोव्यातील वेर्णा या सु. ४१७ किमी. अंतरावर ही सेवा सुरू झाली. रोह्यानंतरचे पहिलेच स्थानक असलेले कोलाड महामार्गालगत असल्याने ट्रक सहज वळविता येत. आरंभी एका खेपेस मोजकेच ट्रक नेले जात. पुढे ही संख्या पन्नासापर्यंत गेली. २००४ मध्ये सेवा कर्नाटकातील सुरतकलपर्यंत वाढविण्यात आली.

या पद्धतीत नवे यंत्र असे जवळजवळ नाहीच. सपाट तळाचे मालडबे रेल्वेजवळ होतेच. गाडीच्या टोकाशी उतरता धक्का बांधला की काम भागते. कस लागतो तो चालकाचा. धक्क्यावरून चढून, एकापुढे एक जोडलेल्या अरुंद डब्यांवरून सरळ रेषेत ट्रक पुढे न्यावा लागतो. दोन्ही बाजूंना फारशी जागा नसते. ट्रक जागेवर उभा राहिला की चाकांना अटकाव लावला जातो. चालक व त्याचा सोबती आपल्याच ट्रकमध्ये बसून प्रवास करतात. ट्रक व माल नजरेआड होत नाही, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. घाटातील रात्रीचे चालविणे वाचते, विश्रांती मिळते आणि इंधन व टायर यांची झीज टळते. चालकांना फायदा प्रत्यक्ष दिसल्याने ही पद्धत टिकली.

अन्य देशांतील व्यवस्था याहून वेगळी आहे. आल्प्स पर्वतातील ट्रकवाहू गाड्यांत चालकांसाठी स्वतंत्र प्रवासी डबा जोडलेला असतो. इंग्लंड व फ्रान्स यांना जोडणाऱ्या समुद्राखालील बोगद्यात ट्रकचालक वेगळ्या डब्यात, तर मोटारींतील प्रवासी मात्र आपापल्या मोटारींतच बसून राहतात. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी या बोगद्यात ट्रकवाहू गाडीस आग लागली, तेव्हा माणसे पुढील डब्यात एकत्र असल्याने त्यांची सुटका करता आली. कोकणातील पद्धतीत माणसे गाडीभर विखुरलेली असतात, ही तिची एक मर्यादा होय. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. त्यामुळे ट्रकच्या वर २५,००० व्होल्ट दाबाची तार आली असून भरलेल्या ट्रकची उंची व टपावर न चढण्याचा नियम यांस पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

हीच कल्पना २०२० मध्ये बंगळूरजवळील नेलमंगला ते सोलापूरजवळील बाळे या मार्गावर अवलंबिण्यात आली. कोकणात २३ ऑगस्ट २०२५ पासून, गणेशोत्सवाच्या तोंडावर, कोलाड-वेर्णा मार्गावर खाजगी मोटारींसाठी अशी सेवा सुरू झाली. एका खेपेस ४० मोटारींची सोय व प्रत्येक मोटारीस ७,८७५ रु. भाडे ठरले. येथे प्रवाशांना मोटारीत बसू न देता गाडीस जोडलेल्या प्रवासी डब्यांत बसविण्यात आले. आरंभीचा प्रतिसाद मात्र मर्यादित राहिला. उत्सवासाठी गावी जाणाऱ्यांपैकी बहुतेकांची गावे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत; त्यांना वेर्ण्यापर्यंत जाऊन परत उत्तरेकडे येणे सोयीचे नव्हते. सिंधुदुर्गातील नांदगाव येथे थांबा देण्याचा निर्णय यातूनच घेण्यात आला. ट्रकचालकांना मानवलेली व्यवस्था कुटुंबासह जाणाऱ्यांना जशीच्या तशी मानवेल असे नाही. वापरणारा बदलला, की चाचणी नव्याने घ्यावी लागते.

टक्कररोधक उपकरण : २ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधील गैसल येथे दोन प्रवासी गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन अडीचशेहून अधिक माणसे ठार झाली. या काळात कोकण रेल्वेचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनी टक्कर टाळणाऱ्या उपकरणाची कल्पना पुढे आणली. ‘रक्षाकवच’ या नावाने ते ओळखले जाई. एंजिने, गार्डचे डबे, स्थानके व फाटके यांवर लहान संगणकयुक्त संच बसवावयाचे. त्यांनी कृत्रिम उपग्रहांच्या संदेशांवरून स्वतःचे स्थान ओळखावयाचे व सु. ३ किमी. परिसरातील अन्य संचांशी रेडिओद्वारे संपर्क ठेवावयाचा, अशी ही योजना होती. दोन गाड्या एकाच रुळावर धोकादायक रीतीने जवळ येत असल्यास चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय ब्रेक लागत. ही प्रणाली सिग्नल-यंत्रणेवर फारशी अवलंबून नसल्याने स्वस्त व लवकर बसविण्याजोगी मानली गेली.

तिच्यातील मुख्य अडचण रूळ ओळखण्याची होती. शेजारशेजारचे दोन रूळमार्ग एकमेकांपासून चार-पाच मी. अंतरावर असतात, तर उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानात तेवढी किंवा त्याहून अधिक चूक असू शकते. गाडी सांध्यावरून दुसऱ्या रुळावर वळताना तिच्या दिशेत पडणारा सूक्ष्म फरक मोजून रूळ ओळखण्याची युक्ती यासाठी योजली होती. कोकण रेल्वे हा मुख्यतः एकेरी मार्ग. स्थानकांतील रूळही थोडे. अशा ठिकाणी ही युक्ती बऱ्याच अंशी चालण्यासारखी होती. पुढे ईशान्य सीमांत रेल्वेच्या सु. १,७०० किमी. मार्गावर हे संच बसविण्यात आले. तेथील अनेक रुळांच्या स्थानकांत आणि दक्षिण रेल्वेवरील विद्युतीकृत व बहुमार्गी विभागातील चाचण्यांत अडचणी दिसून आल्या आणि उपकरणाचा सर्वत्र स्वीकार झाला नाही.

अशा उपकरणाच्या चुका दोन प्रकारच्या असतात : धोका असता न थांबणे आणि धोका नसता थांबणे. पहिली चूक उघडच घातक. परंतु दुसरीही निरुपद्रवी नसते. यंत्र वारंवार अकारण गाडी थांबवू लागले, की ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे चालकाचा त्यावरील विश्वास उडतो. मग खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. याउलट यंत्रावर सर्वस्वी विसंबणाऱ्या चालकाची सावधगिरी कमी होते. म्हणून अशा उपकरणाची चाचणी चालकांसह आणि दीर्घकाळ घ्यावी लागते.

संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेने (लखनौ) पुढे विकसित केलेल्या ‘कवच’ प्रणालीत वरील अनुभवाचे प्रतिबिंब दिसते. तीत रुळांमध्ये ठरावीक अंतरावर रेडिओ-ओळखपट्ट्या बसविलेल्या असतात. एंजिन त्यांवरून जाताना कोणत्या रुळावर व कोठे आहे हे निश्चित कळते. प्रणाली स्थानकाच्या सिग्नल-यंत्रणेशी जोडलेली असते, सिग्नलची स्थिती चालकासमोर दाखविली जाते व चालकाने योग्य वेळी ब्रेक न लावल्यासच ती स्वतः ब्रेक लावते. दक्षिण मध्य रेल्वेवर प्रवासी गाड्यांसह तिच्या चाचण्या २०१६ मध्ये सुरू झाल्या. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून तिचा स्वीकार झाला. ४ मार्च २०२२ रोजी गुल्लागुडा व चिटगिद्दा या स्थानकांदरम्यान रेल्वेमंत्री स्वतः एंजिनात असताना समोरासमोर आणलेल्या दोन गाड्यांपैकी एक सु. ३८० मी. अंतरावर आपोआप थांबली. असे प्रात्यक्षिक लोकांची खात्री पटविते. परंतु प्रणालीचे खरे मूल्य त्याआधीच्या काही वर्षांच्या रोजच्या धावण्यातून ठरलेले असते.

आकाशबस : शहरांतील गर्दीवर उपाय म्हणून राजाराम यांनीच मांडलेली ही दुसरी कल्पना. रस्त्याच्या मधोमध उभारलेल्या खांबांवर पेटीसारखी काँक्रीटची तुळई, तिच्या आत रूळ व त्यांवरील चाकांना खाली टांगलेले डबे, अशी तिची रचना होती. चाके पेटीत बंदिस्त असल्याने डबा रुळावरून घसरून खाली पडू शकत नाही, हा तिचा विशेष सांगितला जाई. मडगाव येथे १.६ किमी. लांबीचा चाचणीमार्ग बांधण्यात आला. २५ सप्टेंबर २००४ रोजी धावत्या डब्यास हेलकावा बसून तो खांबावर आदळला. त्यात चाचणीवरील एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला व काहीजण जखमी झाले. डबा खाली पडला नाही हे खरे. परंतु टांगलेला डबा झुलतो आणि खांबाशी त्याचे अंतर थोडे असते, हा धोका त्याच रचनेतून उत्पन्न झाला होता. एका धोक्यापासून मिळालेली हमी ही सर्व धोक्यांपासूनची हमी नव्हे. या अपघातानंतर प्रयोग पुढे गेला नाही व वापराविना राहिलेला मार्ग २०१३ मध्ये पाडण्यात आला.

प्रायोगिक वाहनात माणसे केव्हा बसवावीत, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला. विमानविद्येत नमुन्याची चाचणी जमिनीवरील भारपरीक्षांपासून टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतात व प्रत्येक टप्प्याची मर्यादा आधी ठरवितात. भूपृष्ठावरील वाहनांच्या बाबतीतही हेच पथ्य आवश्यक ठरते.

पावसाळी वाहतूक : टक्कररोधक उपकरणाचे प्रयोग चालू असतानाच या मार्गावर दोन मोठे अपघात झाले. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कारवार-मुंबई विशेष गाडी दरडीवर आदळून सु. ५० प्रवासी मृत्युमुखी पडले. १६ जून २००४ रोजी रायगड जिल्ह्यातील करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला झालेल्या अपघातातही प्राणहानी झाली. दोन्ही अपघात पावसाळ्याच्या आरंभीचे होते. त्यांत दुसऱ्या गाडीचा संबंध नव्हता. मार्गाचा मुख्य धोका समोरून येणारी गाडी हा नसून डोंगर कापून केलेल्या खिंडींतील ढासळणारे उतार हा होता.

यानंतर उतारांची छाटणी, जाळ्या व आधारभिंती ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. खिंडीच्या कडेने तार ओढून दगड पडताच इशारा देणारी ‘रक्षाधागा’ ही योजनाही पुढे आली. परंतु सर्वांत परिणामकारक ठरले ते साधे उपाय. पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक करून गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसत नसल्यास ताशी ४० किमी. वेगाची मर्यादा पाळावी, असा चालकांना आदेश असतो. पर्जन्यमापक, काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांजवळ पूरसूचक उपकरणे आणि पानवल, मांडवी, जुवारी व शरावती येथील पुलांवर वायुवेगमापक बसविलेले आहेत. त्यांच्या नोंदींबरोबरच रात्रंदिवस रुळांवरून फिरणारे गस्तकरी व धोक्याच्या खिंडींतील पहारेकरी यांच्यावर ही व्यवस्था उभी आहे. चालक, गार्ड व स्थानके यांच्यात रेडिओ-संपर्क असून मार्गावर सरासरी दर किलोमीटरला दूरध्वनी जोडण्याची सोय आहे. हे वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. उतारांच्या दुरुस्तीचा अनुभव जमेस धरून २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखूड करण्यात आले.

मूल्यमापन : या प्रयोगांचे फलित एकसारखे नाही. ट्रकवाहू गाडीत यंत्र साधे होते, परंतु वापरणाऱ्याची गरज नेमकी ओळखलेली होती. म्हणून ती टिकली. टक्कररोधक उपकरणामागील विचार काळाच्या पुढचा होता. मात्र एकेरी मार्गासाठी योजलेली युक्ती गजबजलेल्या स्थानकांत अपुरी पडली, आणि तिच्या उणिवा भरून काढूनच पुढील प्रणाली सिद्ध झाली. या अर्थाने तो प्रयोग वाया गेला नाही. आकाशबसच्या बाबतीत एका गुणावरील भर इतका मोठा होता, की अन्य धोके मागे पडले. पावसाळी व्यवस्थेने यंत्र, नियम व माणूस यांची सांगड घातली. पाऊस किती झाला हे यंत्र सांगते, परंतु दरड हलते आहे की नाही हे अजूनही पुष्कळदा कंदील घेऊन चालणारा गस्तकरीच प्रथम पाहतो.

चाचणीत अपयश येणे हा दोष नव्हे. चाचणीचा हेतूच उणीव उघड करणे हा असतो. मात्र उणिवेची किंमत कोणी मोजावयाची, हे आधी ठरवावे लागते. चाचणीमार्गावर मोजमापाने व टप्प्याटप्प्याने जी किंमत मोजता येते, ती तेथे न मोजल्यास पुढे प्रवासी, गाडी चालविणारे व रूळ राखणारे यांना प्राणांनी मोजावी लागते. रोह्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या या मार्गाच्या अनुभवाचे महत्त्व यातच आहे.